चहाची पोच

सरकारी कचेरीत बारनिशी नावाचे एक टेबल असते, आणि त्या टेबलामागे जो कारकून बसतो त्याचे सारे आयुष्य, इतरांनी इतरांना लिहिलेली पत्रे स्वीकारण्यात, त्यांवर तारखेचा शिक्का उमटविण्यात, आवक वहीत त्यांचा क्रमांक चढविण्यात आणि आणणाऱ्याच्या हाती पोच देण्यात खर्ची पडते. मी असा कारकून होतो. प्रथम १४ वर्षे साताऱ्यास आणि पुढे २२ वर्षे सांगलीस, मिळून ३६ वर्षे मी अर्जांची, फेरअर्जांची, स्मरणपत्रांची आणि कैफियतींची पोच देत आलो. पत्रातील मजकूर वाचण्याचा मला अधिकार नव्हता, आणि कालांतराने इच्छाही उरली नाही. परंतु आलेल्या वस्तूची पोच दिलीच पाहिजे, हे तत्त्व मात्र हाडीमासी खिळले. हे तत्त्व मी कचेरीत पाळले. घरी मात्र, सकाळी एक आणि संध्याकाळी एक या हिशेबाने, त्याच ३६ वर्षांत २६ हजारांवर कप चहा माझ्यापुढे ठेवला गेला, आणि त्यांपैकी एकाचीही पोच माझ्या हातून दिली गेली नाही, ही गोष्ट ध्यानात येण्यासाठी मला निवृत्त व्हावे लागले, पारपत्र काढावे लागले, आणि हाँगकाँग येथील एका वृद्ध चिनी गृहस्थाच्या वर्तमानपत्रावर कोंबडीचा पाय टाकावा लागला. त्याची ही कैफियत.

आमची कन्या आणि जावई नोकरीनिमित्त हाँगकाँगास असतात. त्यांचे बोलावणे आले तेव्हा चिनी जेवण मला नवे नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. साताऱ्यास पोवई नाक्यावर दिवेलागणीला ज्या गाड्या उभ्या राहतात, त्यांच्या पडद्यावर जीभ बाहेर काढलेला एक ड्रॅगन रंगविलेला असतो, आणि 'चायनीज' या शब्दाची वेलांटी दर गाडीगणिक ऱ्हस्वदीर्घ होत असली तरी आतल्या पदार्थाचा लाल रंग सर्वत्र एकच असतो. तेथे मी मंचुरियन खाल्ले होते. जावयांनी खुलासा केला की, हा पदार्थ मांचुरियाने पाहिलेलाही नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग नावाच्या आचाऱ्याने तो १९७५ साली मुंबईत सिद्ध केला असे मानतात. म्हणजे मंचुरियन वयाने माझ्याहून लहान निघाले, आणि अधिवासाचा दाखला मागितला असता तर तो त्याला महाराष्ट्राचाच मिळाला असता.

सौभाग्यवतींची भूमिका निराळी होती. ती माहेरची सांगलीची, घराणे माळकरी, आणि जमिनीच्या पोटात हळद साठविणाऱ्या हरिपूरच्या पेवांच्या शेजारी लहानपण गेलेले असल्यामुळे, कोणतीही झाकलेली वस्तू उघडून आत काय आहे हे पाहिल्यावाचून तिचा विश्वास बसत नाही. तिने सामानात पाच किलो भडंग घेतले. मी कंदी पेढे घेण्याचे सुचविताच, पेढा दोन दिवसांत घामेजतो, भडंग कोणत्याही हवामानात धीर सोडत नाही, असा सातारा-सांगली या जुन्या वादातला एक ठरलेला मुद्दा तिने पुन्हा रुजू केला. विमानात मी तिला इतिहास सांगितला, की १८४२ साली चीनच्या बादशहाने हाँगकाँग इंग्रजांच्या हवाली केले आणि पुढे सहाच वर्षांनी, १८४८ साली, आमचे सातारचे राज्यही इंग्रजांनी खालसा केले. तेव्हा उभय गावे एकाच साहेबाच्या दप्तरातील समदुःखी होत. तिने खिडकीतून बाहेर पाहात एवढेच म्हटले, की या दोहोंच्या मधल्या साली, १८४३त, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचे नाटक उभे केले होते. "तुमच्याकडे राज्यं बुडत होती," ती म्हणाली, "आमच्याकडे नाटकं रंगत होती."

रविवारी सकाळी चहाला जाण्याच्या प्रघाताला तिकडे 'याम चा' म्हणतात. शब्दशः अर्थ चहा पिणे. परंतु पानसुपारीच्या समारंभात ज्याप्रमाणे पान आणि सुपारी यांहून भाषणेच अधिक असतात, त्याप्रमाणे या चहापानात चहाबरोबर येणाऱ्या लहानलहान पदार्थांचाच विस्तार फार. त्या पदार्थांना डिमसम म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ अंतःकरणाला हलकेच स्पर्श करणारे, असा काहीसा सांगतात. मला त्यातला 'चा' हा शब्द ऐकून भरून आले. लहानपणी कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या आजोळी सगळे 'च्या' म्हणत, आणि तोच शब्द सातारच्या शाळेत उच्चारल्याबद्दल मास्तरांनी माझ्या हातावर छडी ओढली होती. आता कळले की कँटनच्या बोलीत चहाला 'चा'च म्हणतात, पोर्तुगीजांनी मकावकडून तोच उचलला, आणि इंग्रजांचा 'टी' हा फुकियनच्या किनाऱ्यावरील 'ते' या उच्चारावरून आलेला आहे. म्हणजे अस्सल मुळाशी कोरेगावच जवळ होते. ज्या मास्तरांनी छडी मारली ते आज हयात नाहीत; नाहीतर हा पुरावा मी त्यांच्याकडे रीतसर सादर केला असता.

चहाघर शेउंग वान नावाच्या जुन्या वस्तीत होते. १९०४ सालापासून चालू असलेल्या ट्रामने आम्ही तेथे उतरलो, तो सुकविलेल्या मासळीची आणि शिंपल्यांची दुकाने दुतर्फा हारीने मांडलेली. सौ.ने पदर नाकाला लावला तो जिना चढून होईपर्यंत काढला नाही. वर एक भला मोठा दिवाणखाना, त्यात गोल मेजे, आणि त्या मेजांभोवती दोन-तीनशे माणसे एकाच वेळी एकमेकांशी ओरडून बोलत होती. रिकामी खुर्ची म्हणून एकही नव्हती. जावई म्हणाले, "बाबा, इथे कुणी बसवत नाही. ज्यांचं आटपत आलंय असं वाटेल, त्यांच्या मागे जाऊन उभं राहायचं."

हे ऐकताच सौ.च्या मुद्रेवर, परमुलखात माहेरचे माणूस भेटावे, तसा भाव उमटला. लग्नसराईत सांगलीच्या मंगल कार्यालयांत जेवणाऱ्याच्या पाठीशी उभे राहून, त्याचा ताकभात केव्हा संपतो यावर नजर ठेवण्याचा तिचा अनुभव दांडगा आहे. तिने दालनाची एक फेरी मारली, एका कुटुंबाच्या पानावरील शेष अन्नाचा अंदाज घेतला, आणि त्या कुटुंबातील आजीबाई उठण्यासाठी मेजावर हात टेकतात न टेकतात तोच त्यांच्या खुर्चीवर आपला हातरुमाल टाकला. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचा आपला कायदा हाँगकाँगात लागू आहे किंवा कसे, याविषयी मला शंका होती. परंतु तो निर्विवाद मान्य झाला. चार खुर्च्या मिळाल्या. पाचवीवर एक वृद्ध चिनी गृहस्थ पूर्वीपासून बसलेले होते, ते बसूनच राहिले. अनोळखी माणसांनी एका मेजावर बसणे तिथल्या वहिवाटीत गैर नाही. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा घोड्यांच्या शर्यतींच्या पानात डोके घातले.

प्रथम एक खोलगट भांडे आणि किटलीभर उकळता चहा आला. कन्येने तो चहा कपांवर, वाट्यांवर आणि काड्यांवर ओतून सारे विसळले व पाणी भांड्यात टाकले. "पहिला चहा भांड्यांना," ती म्हणाली. सौ.ने याला संपूर्ण मान्यता दिली, आणि तिच्या मनातली चिनी संस्कृतीची प्रत एका क्षणात दोन इयत्ता वर सरकली. दुसरा चहा आम्हाला मिळाला. तो दुधाविना, साखरेविना, जवळजवळ काळा. या जातीला पो-ले म्हणतात आणि तो वर्षानुवर्षे मुरवून ठेवलेला असतो. मी घोट घेतला आणि डोळे मिटले. कचेरीच्या तळघरातील दप्तरखाना पावसाळ्यानंतर प्रथम उघडताना रुमालात बांधलेल्या जुन्या कागदांचा जो वास येतो, तो हुबेहूब त्या चहात उतरला होता. सौ. म्हणाली, "ह्याला वास येतोय." मी म्हणालो, "हा माझ्या उमेदीच्या वर्षांचा वास आहे."

तेवढ्यात माझी दृष्टी मेजावरील एका कागदावर पडली आणि मी खुर्चीत सावरून बसलो. तो एक छापील तक्ता होता. लहान, मध्यम, मोठा आणि विशेष असे त्यात वर्ग पाडलेले, प्रत्येकापुढे रिकामी घरे. जो पदार्थ घ्यावा, त्याच्या वर्गाच्या घरात वाढणारी बाई जागच्या जागी शिक्का मारते, आणि जेवण संपल्यावर शिक्के मोजून हिशेब होतो. शिवाय चहाची आकारणी माणशी स्वतंत्र, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी यांच्या धर्तीवर एक चहापट्टी. दोन हजार मैलांहून अधिक प्रवास करून मी जेवावयास आलो होतो, आणि माझ्यापुढे आवक वही उघडून ठेवलेली होती! कोणताही पदार्थ नोंदीशिवाय पोटात जाणार नाही, अशी तजवीज ज्या लोकांनी केली, त्यांच्यावर ३६ वर्षे बारनिशी सांभाळलेल्या माणसाने जीव ओवाळून टाकला तर त्यात नवल नाही. कँटनच्या लोकांची या न्याहारीविषयी एक जुनी म्हण आहे, 'एक पेला, दोन नग'. भूक, चव, तृप्ती असल्या अस्पष्ट शब्दांऐवजी जी जात आनंद नगांत मोजते, तिचा कारभार कधी बुडणार नाही.

मात्र नगच येईनात. मुदपाकखान्याच्या दारातून बांबूच्या टोपल्यांचे मनोरे रचलेल्या, वाफ सोडणाऱ्या हातगाड्या निघत, त्या ढकलणाऱ्या वयस्क बायका पदार्थांची नावे मोठ्याने पुकारीत, आणि गाडी दहा पावले चालते न चालते तोच लोक जागेवरून उठून, हातातले तक्ते निशाणासारखे फडकवीत तिच्यावर तुटून पडत. आमच्यापर्यंत गाडी पोहोचे ती निव्वळ वाफ घेऊन. मी पंगतीत वाढलेला माणूस. पंगतीचा मूळ सिद्धांत असा की जेवणाऱ्याने बसावे, अन्नाने यावे, त्याने 'नको' म्हणावे, वाढप्याने आग्रह करावा, आणि दोघांनीही आपापला धर्म पाळल्याच्या समाधानात पानावर चौथी जिलबी पडावी. त्या सिद्धांतानुसार मी २० मिनिटे प्रसन्न मुद्रेने बसून राहिलो. वृद्ध गृहस्थांपुढे तोवर तीन टोपल्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि ते केव्हा उठले, केव्हा परतले, हे मला कळलेही नव्हते.

शेवटी सौ. उठली. "द्या तो कागद इकडे," म्हणाली, आणि पदर खोचून गर्दीत शिरली. पुढचे दृश्य मी दुरून पाहिले. गाडीवाल्या बाई कँटनीत काही ओरडत होत्या, आमच्या बाई सांगलीच्या मराठीत "ते खालचं काढ गं, वरचं गार झालंय" असे त्याच पट्टीत सांगत होत्या, आणि भाषेचा अडसर दोघींपैकी एकीलाही जाणवल्याचे दिसत नव्हते. पाच मिनिटांत ती चार टोपल्या आणि चार शिक्के घेऊन परतली.

यानंतर पंचनामा सुरू झाला. पहिल्या टोपलीतल्या पदार्थाचे नाव 'हार गाव' असे कन्येने सांगितले. मला ते तासगाव, कोरेगाव यांच्या पंक्तीतले वाटून फार आपलेपणा उत्पन्न झाला. झाकण काढताच सौ. स्तब्ध झाली, कारण आत चार मोदक होते. म्हणजे आडवे निजलेले, शेंडी नसलेले, आणि आवरण इतके पातळ की आतील कोळंबीचा गुलाबी रंग बाहेर दिसावा. परंतु गव्हाचे सत्त्व उकळत्या पाण्यात भिजवून, उकड मळून, हातावर पारी करून, बोटांनी चुण्या घालून मिटलेले मोदकच. ती खाणार नव्हती. पण चष्मा लावून तिने एका नगाच्या चुण्या मोजल्या. बारा भरल्या. जावई म्हणाले, की किमान सात हव्यात, दहाच्या वर गेल्या तर कसबी हात समजतात. "माझ्या सासूबाईंच्या एकवीस यायच्या," सौ. म्हणाली, आणि माझ्या आईविषयी तिने उच्चारलेले हे पहिले गौरवोद्गार चिनी मुलखात, कोळंबीच्या निमित्ताने, माझ्या कानी पडले. दुसऱ्या टोपलीत 'शू माय' होते, ज्यांची तोंडे मुळात उघडीच ठेवण्याची पद्धत आहे. त्यांच्याकडे तिने क्षणभरच पाहिले. "कळ्या पाडता पाडता उठून गेली असेल कुणी," असा निकाल दिला.

तिसरी वस्तू कमळाच्या पानात बांधलेली होती. पानात गुंडाळलेले अन्न शुद्ध असते अशी आपली सर्वसाधारण धारणा; शिवाय कमळाचे पान म्हणजे साक्षात लक्ष्मीचा संबंध. सौ. सूत सोडू लागली. "हे काय असतं गं?" "आई, हे लो माय गाय."

तिचा हात होता तिथेच थांबला. चेहरा पांढरा पडला. वाक्यातील शेवटचे दोन शब्द, तेही त्या क्रमाने, माळकरी कानांवर पडल्यावर दुसरे काय होणार? तिने खुर्ची मागे सरकवली, मेजावरील सर्व वस्तूंपासून हात दूर धरले, आणि "आपण निघू या" असे अतिशय शांतपणे म्हटले. जावयांची तारांबळ उडाली. कँटनीत 'गाय' म्हणजे कोंबडी, आत चिकट भात आणि कोंबडी आहे, गाईचा या प्रकरणाशी सुतराम संबंध नाही, हे त्यांनी देवाशपथ सांगितले. कोंबडीही तिला वर्ज्यच. परंतु एखाद्या आरोपीवरील खुनाचा आरोप निघून किरकोळ मारामारीचा राहिला म्हणजे न्यायाधीशालाही जसे हायसे वाटते, तसे तिला वाटले असावे. खुर्ची पुढे आली. "कोंबडीला गाय म्हणतात," ती पुटपुटली, "मग दूध कुणाचं काढतात?" दूध पाहिले तर त्या संपूर्ण मेजावर थेंबभरही नव्हते, हे तिचे निरीक्षण अचूक होते.

सुदैवाने त्याच वेळी लाकडी बादली घेऊन एक बाई आली आणि तिने वाटीत पांढरीशुभ्र, थरथरणारी वडी काढून वर पिवळसर साखर पेरली. सोयाबीनच्या दुधाची ती वडी, साकळलेली, मऊ. सौ.ने चमच्याच्या टोकाने खरडून पाहिले, हुंगले, आणि तिच्या तोंडून एकच शब्द निघाला, "खरवस!" मग मात्र तिने तीन वाट्या घेतल्या.

चौथी टोपली उघडावयाची राहिली होती. तीतील पदार्थ लालसर तपकिरी, चकचकीत, बोटे फुटलेला असा होता. सौ.ने तो गाजराची भाजी समजून आणला होता, "शाकाहारी का?" असे विचारले असता गाडीवाल्या बाईने मान डोलावली होती, हा तिचा जबाब. त्याला तिकडे फिनिक्स पक्ष्याचा पंजा म्हणतात. फिनिक्स हे केवळ पदनाम. मूळ इसम कोंबडीच. पायाची नखे काढून तो तेलात तळतात, पाण्यात फुगवितात, आणि काळ्या आंबविलेल्या सोयाबीनच्या रसात वाफवितात. मी साताऱ्याचा, तिखटाला आणि हाडाला न भिणारा. टाकणे बरे नव्हे, शिक्का तर पडलेला होता. आणि नोंद झालेला कागद निकालात काढल्याशिवाय उठणे माझ्या स्वभावात नाही. मी दोन काड्या पेन्सिलीप्रमाणे धरल्या, पंजा उचलला, तो हनुवटीपर्यंत आणला, आणि पंजाने, जणू जिवंतपणीची सवय आठवून, उडी घेतली. मेजाच्या मध्यभागावरून एक सुबक कमान काढून तो वृद्ध गृहस्थांच्या वर्तमानपत्रावर, घोड्यांच्या यादीच्या मध्यावर, चारही बोटांनिशी उतरला.

आमच्या मेजावर संपूर्ण शांतता पसरली. वृद्ध गृहस्थांनी पंजाकडे पाहिले. मग पंजा ज्या घोड्यावर पडला होता त्याचे नाव जरा वाकून वाचले. मग आपल्या काड्यांनी पंजा अलगद उचलून माझ्या वाटीत परत ठेवला, पत्राची घडी केली, किटली उचलली, आणि माझा कप चहाने भरला.

मी गोंधळलो. आपल्या परंपरेत अशा प्रसंगी काय करावे याचा लेखी नियम नाही. मी अर्धवट उठलो, हात जोडले, आणि जोडलेल्या हातांचा धक्का कपाला लागणार, एवढ्यात जावयांनी माझा कोपर धरला. "बाबा, उठू नका. नुसती दोन बोटं टेबलावर वाजवा." मी वाजविली. टक, टक. वृद्ध गृहस्थांनी मान किंचित हलविली, आणि त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हास्याची एक अतिशय काटकसरीची रेषा उमटून गेली. प्रकरण निकालात निघाले.

जावयांनी मग त्या रिवाजाची आख्यायिका सांगितली. चिएनलुंग नावाचा बादशहा वेष पालटून दक्षिणेच्या दौऱ्यावर हिंडत असे. एका चहाघरात त्याने गंमत म्हणून स्वतःच आपल्या सेवकाचा पेला भरला. बादशहाने चहा ओतला म्हणजे साष्टांग लोटांगण घातलेच पाहिजे. आणि लोटांगण घातले तर बादशहा उघडा पडणार. तेव्हा सेवकाने तीन बोटे वाकवून मेजावर टेकविली. मधले बोट म्हणजे नमविलेले मस्तक, बाजूची दोन म्हणजे जमिनीवर टेकलेले हात. बोटांचे हे लोटांगण तेव्हापासून चालू आहे, आणि काळाच्या ओघात तिसरे बोट रजेवर गेले. हा बादशहा १७३५ साली गादीवर बसला. म्हणजे त्या समयी आमच्या साताऱ्यात शाहू महाराज नांदत होते. कथा खरी असो वा नसो, मला तिच्यातले मर्म तत्काळ उमगले, कारण ते माझ्या खात्याचे होते. बोटांची ती टकटक म्हणजे आभारप्रदर्शन नव्हे. आभारात शब्द असतात, शब्दांत थोडे नाटक असते, आणि घरच्या माणसांत तर आभार मानणे म्हणजे त्यांना परके करणे, असे आपण मानतो. ही निव्वळ पोच होती. 'आपण दिलेले मिळाले.' बोलणे न थांबविता, पत्रावरची नजर न काढता, गाजावाजा न करता दिलेली पोच! मी सभोवार पाहिले. त्या सबंध दालनात, मेजामेजांवर, शेकडो बोटे आवाज न होता आपटत होती. सून सासूला पोच देत होती, नातू आजोबांना, अनोळखी अनोळख्याला. आणि मी सौ.कडे पाहिले. तिने नुकताच माझा कप भरून ठेवला होता, आणि मी सवयीने तो उचललाही होता.

मे महिन्यात परतल्यावर आम्ही महाबळेश्वरास गेलो. तेथे चायनामन नावाचा एक धबधबा आहे, त्याच्या काठावर मी पूर्वीही अनेकदा भडंग खात उभा राहिलो होतो. परंतु नावाची चौकशी कधी केली नव्हती. १८२९ साली प्रतापसिंह महाराजांकडून, खंडाळा गावाच्या मोबदल्यात, इंग्रजांनी हे ठिकाण घेतले, हा फेरफार मला ठाऊक होता. त्यानंतर तेथे जो तुरुंग झाला त्यात चीनचे आणि मलायाकडचे कैदी आणून ठेवले होते, ही पोटनोंद मात्र निसटली होती. समुद्रापलीकडचे ते लोक सह्याद्रीच्या धुक्यात रस्त्याची कामे करीत, बटाटे आणि विलायती भाज्या पिकवीत, आणि १८६४च्या सुमारास तुरुंग उठेतोवर साहेबांच्या मेजावरील ताटे त्यांच्या कष्टाने भरत राहिली. धबधब्याचे नाव त्यांच्या बागांवरून पडले. म्हणजे मी ज्या जिल्ह्याचा रहिवासी, त्या जिल्ह्याने चिनी हातांची भाजी खाल्ली, आणि बदल्यात त्यांना एका ओढ्याचे नाव दिले. तेही प्रत्येकाचे स्वतंत्र नव्हे, सगळ्यांना मिळून एकच. आवक झालेली, पोच नाही. मी लोखंडी कठड्यावर दोन बोटे वाजविली. शेजारी उभ्या असलेल्या एका पर्यटकाने कठडा भक्कम आहे ना, असे काळजीने विचारले.

घरी मी हा रिवाज सुरू करण्याचे ठरविले. पहिल्या दिवशी सकाळी सौ.ने कप ठेवताच मी मेजावर दोन बोटे वाजविली. "काय, साखर कमी आहे?" दुसऱ्या दिवशी वाजविली. "ऐकू येतंय. बिस्किटं संपलीत." तिसऱ्या दिवशी तिने कप ठेवला आणि माझी बोटे खाली येण्यापूर्वीच वर्तमानपत्र माझ्या हातात कोंबले. तेव्हा मी सविस्तर खुलासा केला. बादशहा, सेवक, मस्तक, हात, ३६ वर्षांची थकबाकी, सारे सांगितले. तिने भेंडी चिरता चिरता ऐकून घेतले. "सव्वीस हजार वेळा आता वाजवत बसू नका," म्हणाली, "त्यापेक्षा एकदा करून बघा."

या हुकमाची अंमलबजावणी मी दुसऱ्या दिवशी केली. पहाटे उठून, आधण ठेवून, आले किसून, दूध उतू जाऊ देऊन आणि ओटा पुसून, मी आयुष्यात प्रथमच चहा केला व तो तिच्यापुढे ठेवून, बदलीचा हुकूम ऐकण्यास उभ्या असलेल्या माणसासारखा उभा राहिलो. तिने एक घोट घेतला. काही बोलली नाही. मग डावा हात मेजावर ठेवून तिने तर्जनी उचलली आणि एकदाच वाजविली.

"एकच बोट?" मी विचारले.

"साखर नाहीये," ती म्हणाली. "अर्धीच पोच मिळेल."